एक गुण जास्त

बेथनी टेरेस या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजाऱ्याला नाकाने कळायचं आणि कुणाचं भांडण कशावरून पेटलंय हे कानाने. भिंती सामायिक असल्यावर त्यात नवल ते काय! पण कुणाच्या घरात किती गारठा आहे, ही गोष्ट मात्र वेल्सच्या त्या दरीत पिढ्यान्‌पिढ्या ज्याची त्याच्यापाशी राहिली होती. जानेवारीत घरात ओव्हरकोट घालून जेवणारी माणसंसुद्धा दार वाजलं की आधी कोट काढून खुंटीला अडकवत आणि मग, "या ना, आत छान ऊब आहे," असं म्हणत दार उघडत.

ही झाकली मूठ सरकारने उघडली. घरोघर तपासनीस जाणार, खिडक्या, बॉयलर, भिंती, दिवे बघणार आणि घर किती ऊब राखतं त्याचे शंभरापैकी गुण देणार. गुणांवरून श्रेणी. ए सगळ्यांत वरची, जी अगदी तळाची. इथवर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण हा निकाल इंटरनेटवर लावला गेला. गल्लीचा पोस्टकोड टाकला की कोण किती पाण्यात आहे ते जगजाहीर. शाळेत नापास झालेलं पोर निदान उशिरा घरी जातं. इथे घरच नापास, त्याने तोंड लपवायला जावं कुठे?

दहा नंबरच्या पारफिटबाई दर रविवारी चॅपलमधून आल्या की डोक्यावरची हॅटही न काढता हा निकाल वाचायला बसत.

"सात नंबर, एफ," त्या मागच्या अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या नेरिसला ऐकवत. "आणि पडदे बघ कसले लावलेत! मखमलीचे! एफच्या घराला मखमल!"

"आणि दहा नंबर?" नेरिस विचारायची.

"ती कॉम्प्युटरची चूक आहे," पारफिटबाई म्हणत. दहा नंबरला जी होती.

नेरिस राहायची ते अकरा नंबरचं घर या यादीत नव्हतंच. घर विकलं किंवा भाड्याने दिलं तरच तपासणी व्हायची, आणि अकरा नंबर तिच्या सासऱ्यांनी, इद्रिस प्रॉसर यांनी, जे एकदा विकत घेतलं, ते मग चौघांच्या खांद्यावरूनच तिथून बाहेर पडले. त्यामुळे घराला दाखला नव्हता. "अकरा नंबर. दाखला नाही," हे शब्द पारफिटबाई अशा काही सुरात उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, नेरिस आणि तिचा नवरा गेथिन यांच्या लग्नाचाच दाखला नाही.

तरी नेरिसला त्या श्रेणीचं काही पडलेलं नव्हतं. तिला पडलेलं होतं ते मागच्या खोलीचं. वरच्या मजल्यावर दोनच खोल्या. पुढची सासूबाईंची, ब्लॉडवेन प्रॉसर यांची. मागची नेरिस, गेथिन आणि दहा महिन्यांच्या एलिनची. त्या मागच्या खोलीची डोंगराकडची भिंत ऑक्टोबर लागला की ओली व्हायची आणि तिच्यावर काळे ठिपके उमटायचे. नेरिस दर सोमवारी ती ब्लीचने पुसायची. गुरुवारी ठिपके पुन्हा हजर, जणू सुट्टी संपवून कामावर रुजू झालेत. एलिनचा पाळणा भिंतीपासून हलवायचा तर तो थेट दारात यायचा, कारण खोली केवढी, तर दोघांनी एकदम कपडे बदलायचे झाले तर एकाने जिन्यात उभं राहायचं. या हिवाळ्यात एलिनच्या छातीत दोनदा कफ झाला तेव्हा नर्सने सांगितलं होतं, "खोली ऊबदार आणि कोरडी ठेवा." नेरिसने मान डोलावली होती. ऊबदार आणि कोरडी. जणू दुकानातून येताना आणायच्या दोन वस्तू.

अशात कौन्सिलचं पत्र आलं. सोबत नकाशा. दरीतल्या गल्ल्या श्रेणीप्रमाणे रंगवलेल्या, आणि त्यात बेथनी टेरेस असा लालभडक, की नकाशाला तिथे जखम झाल्यासारखं दिसावं. खाली लिहिलं होतं: या भागात ज्या घराची श्रेणी ई किंवा त्याखालची आहे आणि ज्या घरात वृद्ध माणूस किंवा पाच वर्षांखालचं मूल आहे, त्या घराच्या भिंतींना बाहेरून जाड ऊबदार आवरण, नवा बॉयलर, ओल काढण्याचं काम, सगळं फुकट. अट एकच. जानेवारीअखेर घराचा दाखला हवा.

नेरिसने ते पत्र तीनदा वाचलं आणि एलिनच्या टाळूवर ओठ टेकवले. बाळाच्या टाळूला दुधाचा आणि ब्लीचचा वास येत होता.

इकडे गल्लीत रातोरात हवा पालटली. काल ज्याची लाज होती तो आज दागिना झाला. पारफिटबाई दुकानात रांगेत उभ्या राहून ठणकावून सांगू लागल्या, "आमचं जी आहे. साधंसुधं नाही, चौदा गुणांचं जी!" कॉम्प्युटरने चूक केली होती हे त्या साफ विसरल्या. मखमलीच्या पडद्यांची सात नंबरवाली एफवर समाधान मानून होती, तिच्याकडे त्या आता जरा कीव केल्यासारखं बघत.

"तुझंही घर बसेल बघ यात," बारा नंबरच्या डेन्झिलकाकांनी नेरिसला धीर दिला. डेन्झिलकाकांनी पंचवीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती, त्यामुळे जमिनीखालच्या आणि छतावरच्या अशा दोन्ही बाबतींत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा मानत. "माझं घर म्हणजे तुझ्या घराचं जुळं भावंड. मला छत्तीस मिळाले, एफ. तुझ्या खिडक्या जरा नव्या. चाळीसच्या आसपास लागशील. डोळे मिटून पास. म्हणजे नापास."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. तपासनीस यावा, घर जसं आहे तसं बघावं, चाळीस गुण टाकून जावं. पण घर जसं आहे तसं परक्या माणसाला दाखवणं ही कल्पनाच बेथनी टेरेसवरच्या बायकांना झेपणारी नव्हती. डॉक्टर येणार म्हणून आजाऱ्याला उठवून त्याच्या खालची चादर बदलणाऱ्या बायका त्या.

"त्या पारफिटसारखी जी?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "माझ्या घराला जी? इंटरनेटवर?"

"आई, जी मिळाली तर भिंत दुरुस्त होईल."

"भिंत दुरुस्त होईल, आणि चॅपलमध्ये मी कुठल्या तोंडाने बसू? ती पारफिट निर्लज्ज आहे. तिची आईही उंबरा घासत नसे." मग थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. "ई चालते ना त्यांना? मग ई घेऊ. जी म्हणजे बेशरमपणा. एफ म्हणजे आळस. ई म्हणजे गरिबी, पण उंबरा घासलेली."

नेरिस हसली; पण खोटं कशाला बोला, तिलाही ते पटलं. परवाच पारफिटबाईंनी भिंतीवरून विचारलं होतं, "तुमच्यात काय गं, बाळाला घरातही टोपी घालता?" ते तिच्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतं. ई. नुसती ई. मदतीला पुरेशी वाईट आणि लोकांत सांगायला पुरेशी चांगली. चाळीसचे पंचेचाळीस झाले तर बिघडतं कुठे? ई तर चोपन्नपर्यंत असते.

मग तयारी सुरू झाली. दाराखालच्या फटीला पट्ट्या लागल्या. गरम पाण्याच्या टाकीला जाड जॅकेट चढलं, ते गेथिनने चढवलं आणि म्हणाला, "घरात सगळ्यांत गरम कपडे आता हिचे." गेथिन बस चालवायचा आणि संकटात विनोद करायचा, म्हणजे जवळजवळ रोज. सासूबाईंनी पितळेची पत्रपेटी अशी लखलखवली की पोस्टमनने आपला चेहरा बघून केस सारखे केले. पुढची बैठकीची खोली, जी पाद्री आणि प्रेत यांच्याखेरीज कुणासाठी उघडत नसे, ती उघडून तिच्यात शेकोटी पेटवली.

राहता राहिले दिवे. इद्रिस प्रॉसरना साठवायची खोड होती. तारेचे पिवळे बल्ब बंद होणार असं रेडिओवर ऐकताच त्यांनी खोकंभर बल्ब आणून ठेवले होते, आणि ते मरून सहा वर्षं झाली तरी घर त्यांच्याच बल्बांच्या उजेडात राहत होतं.

"हे बघून तो माणूस काय म्हणेल?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणेल, ही माणसं अजून मेणबत्तीतच आहेत." आणि त्या उठल्या, टोपली घेऊन गल्लीत गेल्या आणि नवे एलईडी बल्ब उसने मागून आणले. चार पारफिटबाईंचे, तीन डेन्झिलकाकांचे, दोन सात नंबरचे. पारफिटबाईंनी आपल्या चारही बल्बांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, हिशेब चुकू नये म्हणून. त्यांच्या घरात त्या दिवशी अंधार होता. पण जीवाल्या घराला अंधार शोभून दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

तपासनीस मिस्टर ट्रेहर्न मंगळवारी आले. बारीक, उंच, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेला माणूस. ते बोलत नसत. ते "हं" म्हणत. खिडकीपाशी "हं". टाकीचं जॅकेट चिमटीत धरून "हं". प्रत्येक दिवा लावून, वर बघून "हं". सासूबाईंनी मनुके घातलेले तव्यावरचे वेल्श केक पुढे केले. त्यांनी सहा खाल्ले आणि प्रत्येकानंतर "हं" म्हणाले. मागच्या खोलीत नेरिसने त्यांना ओली भिंत दाखवली. कडेवरची एलिन नेमकी तेव्हाच खोकली. इतक्या वेळेवर की नेरिसला स्वतःचाच संशय आला.

"ओल आहे," मिस्टर ट्रेहर्न म्हणाले. आणि टॅबवर काही न लिहिता पुढे गेले.

"हे लिहिलं नाहीत?"

"ओलीला रकाना नाही, मिसेस प्रॉसर."

जिन्याच्या वर छतात माळ्याचं झाकण होतं. इद्रिस प्रॉसरनी कधीकाळी छत रंगवताना ते झाकणही कडेसकट रंगवून टाकलं होतं. तेव्हापासून ते उघडलेलं नव्हतं. मिस्टर ट्रेहर्ननी दोन बोटांनी ते ढकलून पाहिलं.

"तोडफोड करायची आम्हाला परवानगी नाही. गृहीत धरतो."

"काय गृहीत धरता?"

"अशा घरात साधारण जे असतं ते. थोडीशी लोकर." लोकर म्हणजे मेंढीची नव्हे, काचेच्या धाग्यांची ती पिवळी गादी, छतातून ऊब उडून जाऊ नये म्हणून माळ्यावर अंथरतात ती.

आठवड्याने दाखला आला. आधी तो सासूबाईंच्या हाती पडला, आणि नेरिस एलिनला झोपवून खाली येईपर्यंत सासूबाई कोट चढवून लायब्ररीत जाऊन, त्याला प्लास्टिकचं जाड आवरण चढवून परतही आल्या होत्या.

"डी!" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पंचावन्न! सगळ्या गल्लीत कुणाला डी नाही. इद्रिस असायला हवा होता."

नेरिसने तो गुळगुळीत कागद हातात घेतला. पंचावन्न. चोपन्नला भिंत, बॉयलर आणि कोरडं बाळ. पंचावन्नला शाबासकी. ती जिन्याच्या पायरीवर बसली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दिव्यांची कार्यक्षमता, अतिउत्तम. नऊपैकी नऊ. म्हणजे तो जास्तीचा एक गुण पारफिटबाईंच्या नेलपॉलिशवाल्या बल्बांचा होता.

"आई," ती म्हणाली, "आपल्याला ई हवी होती."

"डी ईपेक्षा वरची असते, पोरी."

"म्हणूनच."

सासूबाईंना ते समजायला किटली उकळेपर्यंतचा वेळ लागला. मग त्यांनी चहा केला, आणि आयुष्यात प्रथमच साखर घालायला विसरल्या.

नेरिसने कौन्सिलला फोन लावला. चाळीस मिनिटं वीणेसारखं वेल्श हार्प वाजत राहिलं. तेवढ्यात एलिनचं दूध पिऊन, ढेकर देऊन, लंगोट बदलूनही झालं. मग एक गोड आवाज आला.

"डी आली? अय्या, अभिनंदन!"

"अभिनंदन नको. मला एक गुण कमी करून हवाय."

"वाढवून?"

"कमी."

पलीकडे कळफलक खडखडला. "कमी करायचा फॉर्म नाही गं. वाढवायचा आहे."

"मग तोच उलटा भरते."

"तो उलटा भरता येत नाही. त्यात सध्याच्या श्रेणीच्या वरचीच श्रेणी निवडता येते. तसं बनवलंय, लोकांना हुरूप यावा म्हणून."

"माझं बाळ ओल्या भिंतीला लागून झोपतं."

"अरे देवा," आवाज खरोखर कळवळला. "पण बघ, तुझ्या घराची श्रेणी चांगली आहे. म्हणजे ओल नसणार." मग बहुधा तिलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण ती हळू आवाजात म्हणाली, "एक कर. पहिल्या वेळी जे दिसलं नव्हतं असं काही असेल तर नवी तपासणी मागता येते. तसं काही आहे का तुमच्याकडे?"

तसं काही होतं. छतात, रंगाने बंद.

"माळा!" डेन्झिलकाकांनी मांडीवर थाप मारली. "अगं, त्याने थोडी लोकर गृहीत धरली ना? त्याचे गुण दिले ना? आता त्याला रिकामा माळा दाखव. तिथे कोळ्याच्या जाळ्यांशिवाय काही नाही. गुण असे खाली येतील की तू पारफिटला मागे टाकशील."

"आधी आपण उघडून बघू या का?" गेथिन म्हणाला.

"खबरदार! त्याच्यासमोर उघड. आधी उघडलास तर म्हणेल, यांनीच लोकर काढून टाकली. सरकारी माणूस आहे. खाणीत आम्ही कोळशाची गाडी मुकादमासमोरच मोजून घ्यायचो."

झाकण तसंच राहिलं. पारफिटबाईंनी तर आपले चार बल्ब परत नेताना सल्ला दिला, "या वेळी उंबराही घासू नकोस. एलिनची टोपी राहू दे डोक्यावर." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या खरंच मदत करायला बघत होत्या. नेरिसला ते जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी अकरा नंबरने आपली सगळी लाज वेशीवर टांगली. इद्रिसचे पिवळे बल्ब परत लागले. टाकीचं जॅकेट उतरलं. दाराच्या पट्ट्या उपटल्या. बैठकीची खोली बंद, शेकोटी विझलेली, केक नाहीत. सासूबाई स्वयंपाकघरात दोन स्वेटर घालून बसल्या होत्या आणि दार वाजलं तेव्हा, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी वरचा स्वेटर काढला नाही. नेरिसने ते पाहिलं. त्या बाईला आज काय गिळावं लागलंय ते तिला कळलं.

मिस्टर ट्रेहर्ननी दिवे बघितले. "हं." या वेळी त्या "हं"मध्ये आशा होती. त्यांनी टाकी बघितली. मग शिडी लागली, गेथिन छिन्नी घेऊन चढला आणि झाकणाच्या कडेने रंग सोलू लागला. पांढऱ्या खपल्या जिन्यावर पडत होत्या. सासूबाई त्या खालून वेचत होत्या, कारण लाज सोडली तरी हात सुटत नाहीत. नेरिस एलिनला घेऊन उभी. डेन्झिलकाका निमंत्रणाशिवाय उभे. झाकण कुरकुरलं, आणि वर गेलं.

मिस्टर ट्रेहर्न चढले. त्यांचं डोकं माळ्यात गेलं, मग खांदे. टॉर्चचा उजेड फिरला.

"मिसेस प्रॉसर," वरून आवाज आला, "अभिनंदन."

"कसलं?" नेरिस ओरडली.

"लोकर आहे. उत्तम प्रतीची. तीन थर." मोजपट्टी खरखरली. "दीड वीत जाड."

डेन्झिलकाका म्हणाले, "अरे तिच्या!" आणि काही काम आठवल्यासारखे निघून गेले.

गेथिन मिस्टर ट्रेहर्नना जवळजवळ बाजूला सारून वर चढला. त्याचं डोकं आत, पाय शिडीवर, आणि आवाज पोकळीतून आल्यासारखा. "थांबा, थांबा. ही सगळीकडे नाहीये! ही पुढच्याच खोलीवर आहे! इथे तुळई आहे ना, तिथपर्यंत. तिथे कापलीय. चाकूने, सरळ रेषेत. मागच्या खोलीवर काहीच नाही. नुसत्या फळ्या. कौलांतून आभाळ दिसतंय."

"बघा!" नेरिस मिस्टर ट्रेहर्नना म्हणाली. "अर्ध्यावर काही नाही. माझं बाळ त्या अर्ध्याखाली झोपतं."

मिस्टर ट्रेहर्ननी टॅबकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "माझ्याकडे माळ्याला एकच रकाना आहे," ते म्हणाले. "घर एक, माळा एक, जाडी एक. झाकणापाशी जी दिसते ती." मग अगदी खाली बघत, "चौसष्ट," असं म्हणाले, बुटांवरच्या निळ्या पिशव्या काढल्या आणि गेले. डीच. पण आता भक्कम डी. बल्बांच्या जिवावरची नव्हे.

मग सगळ्यांना सासूबाई आठवल्या. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या, ओंजळीत रंगाच्या खपल्या घेऊन.

"तुळईपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"हो, आई," गेथिन म्हणाला. त्याला एकही विनोद सुचत नव्हता.

"इद्रिस घोरायचा," सासूबाई म्हणाल्या. त्या कुणालाच सांगत नव्हत्या. "म्हणून मी मागच्या खोलीत. आधी तुला घेऊन, मग तुझ्या बहिणीला. तीस वर्षं. मी म्हणायची, इद्रिस, मागे फार गार आहे रे. तो म्हणायचा, खोल्या सारख्याच आहेत, ब्लॉडवेन. तुझं रक्तच थंड." त्या थांबल्या. "मी डॉक्टरकडे गेले होते रक्त तपासायला."

एलिनने हात पुढे करून आजीच्या ओंजळीतली एक खपली उचलली आणि तोंडात घातली, तेव्हा कुठे दोघी एकदम ओरडल्या आणि घराला पुन्हा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलिन झोपली असताना नेरिसला वर धपधप आवाज आला. बघते तर शिडी लागलेली आणि माळ्यावर सासूबाई. बाहत्तरीची बाई गुडघ्यांवर, नवऱ्याचा जुना खाणीतला अंगरखा घालून, नाकाला डिश पुसायचा रुमाल बांधून, लोकरीचा थर ओढत होती. पुढच्या खोलीवरून मागच्या खोलीवर.

"आई, खाली उतरा! तुमच्या खोलीवरची काढताय तुम्ही!"

"मला थंडीची सवय आहे," वरून उत्तर आलं. "माझं रक्त थंड आहे ना. तू टोक धर."

नेरिसने टोक धरलं. दोघींनी मिळून तीनही थर तुळईपलीकडे नेले. काचेचे धागे मनगटात, मानेत, कुठेकुठे रुतले; आठवडाभर दोघी खाजवत होत्या, आणि पारफिटबाईंनी गल्लीत सांगितलं की अकरा नंबरला पिसवा झाल्यात. काम संपल्यावर सासूबाई बैठकीच्या खोलीत गेल्या, शेकोटीवरच्या फळीवरून इद्रिस प्रॉसर यांची फ्रेम उचलली आणि पुन्हा शिडी चढल्या. आता रिकाम्या झालेल्या पुढच्या फळ्यांवर, कौलांच्या फटीखाली ती ठेवली आणि झाकण लावलं.

"त्याला तिथे आवडायचं," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत बेथनी टेरेसवर परांच्या बांधल्या गेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामगारांनी भिंतींवर जाड आवरणं ठोकली आणि वर सायीसारखा रंग दिला. दहा नंबर सायीचा. बारा नंबर सायीचा. मध्ये अकरा नंबर तसाच, काळ्या दगडाचा, चांगल्या दातांच्या रांगेत एक किडलेला दात असावा तसा. डेन्झिलकाका आता घरात नुसत्या बनियनवर असत आणि नेरिस दिसली की खिडकीतून मागे सरत. पारफिटबाईंनी केक आणून दिला. "आत ये ना जरा, बाळाला घेऊन," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे छान ऊब आहे." आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

त्याच आठवड्यात कौन्सिलचं पत्र आलं. बेथनी टेरेसची सरासरी सुधारली होती. या सुधारणेत स्वखर्चाने मोलाची भर घातल्याबद्दल अकरा नंबरचे आभार मानले होते, आणि घरासमोर उभं राहून कुटुंबाचा एक फोटो देता येईल का, असं विचारलं होतं. दाखला दहा वर्षं ग्राह्य धरला जाईल, हेही कळवलं होतं. नेरिसने मनाशी हिशेब केला. तोवर एलिन मोठ्या शाळेच्या दाराशी पोचलेली असेल.

लोकरीने एक गोष्ट केली. वरून उतरणारा गारठा थांबला. सकाळी एलिनचं नाक आता लाल नसायचं. पण डोंगराकडची भिंत भिंतच होती. तिला माळ्यावरच्या उलाढाली कळल्या नव्हत्या. गुरुवारी ठिपके परत आले.

नेरिसने भिंत पुसली. पाळणा पुन्हा तिथेच सरकवला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. एलिन झोपेत कूस बदलून नेहमीसारखी भिंतीकडे वळली आणि तिची टाळू ओल्या गिलाव्याला टेकली. नेरिसने हलकेच तिचं डोकं मागे घेतलं. मग ती खाली गेली, सासूबाईंनी घड्याळाशेजारी टेकवून ठेवलेला पहिला दाखला उचलून आणला आणि पाळण्याचे गज आणि भिंत यांच्यामध्ये, बाळाच्या डोक्याच्या बरोबर उंचीवर, उभा खोचला. लायब्ररीतलं ते जाड प्लास्टिक. पाणी त्यातून येत नव्हतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"दुसरा पण आहे," त्या म्हणाल्या. "चौसष्टचा. उद्या त्यालाही प्लास्टिक चढवून आणते. पायांकडे लावू."